गामाला जोड मिळेना

दूध प्यायला कंटाळणाऱ्या मुलाला गामा पैलवानाचे नाव सांगायचे आणि दंडाची बेडकुळी काढून दाखवणाऱ्या पोराला, स्वतःला गामा समजतोस काय, असे विचारायचे, ही मराठी घरातली जुनी रीत. ज्यांनी गामाला कधी पाहिले नाही, ज्यांच्या वडिलांनीही पाहिले नाही, त्यांच्या तोंडी आजही हे नाव सहज येते. मी देवणीचा. लातूर जिल्ह्यात कर्नाटकच्या सीमेजवळचे हे आमचे गाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते देवणी जातीच्या गाई-बैलांमुळे. १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात. अमृतसर, पतियाळा, लाहोर हा गामाचा प्रदेश आमच्यापासून शेकडो कोस दूर. तरीही आमच्याकडच्या तालमीत मारुतीच्या तसबिरीशेजारी गामाचा फोटो असणे यात कोणालाच काही वावगे वाटत नसे.

गामाबद्दल बोलताना प्रत्येकजण एक गोष्ट आवर्जून सांगतो. तो आयुष्यात कधी हरला नाही. लहानपणी मलाही या एका वाक्याचे फार अप्रूप होते. पुढे यात्रांमधल्या कुस्त्या पाहता पाहता आणि कुस्तीविषयी मिळेल ते वाचता वाचता मनात एक वेगळाच प्रश्न येऊ लागला. माणूस सत्तरीपर्यंत अजिंक्य राहतो म्हणजे नेमके काय होते? त्याची ताकद तेवढी टिकते, की त्याच्यासमोर कोणाला उभेच केले जात नाही? गामाचे आयुष्य या प्रश्नाच्या अंगाने पाहिले, तर ते एका मल्लाचे चरित्र राहत नाही. एका नावावर सगळा खेळ पोसला की पुढे काय होते, याचीच ती कहाणी होते.

गामाचे खरे नाव गुलाम मोहंमद. जन्म २२ मे १८७८ चा. घराणे पंजाबातले, काश्मिरी मुसलमान पैलवानांचे. वडील अझीझ बक्ष नावाजलेले मल्ल. पण गामा लहान असतानाच ते गेले आणि पोराला घडवण्याचे काम आजोळने, आधी आजोबा नून पैलवान आणि नंतर मामा ईदा यांनी केले. घरात जमीनजुमला नव्हता. होता तो वारसा तालमीचा. त्या काळी पैलवानाचे पोट संस्थानिकाच्या मर्जीवर चाले. राजाच्या पदरी राहायचे, राजाने दिलेला खुराक खायचा आणि राजाच्या नावाने लढायचे. त्यामुळे राजाच्या नजरेत भरणे ही पहिली कुस्ती असे, आणि ती मातीत उतरण्याआधीच जिंकावी लागे.

गामाने ती दहाव्या वर्षी जिंकली. १८८८ साली जोधपूरच्या महाराजांनी बैठकांची मोठी स्पर्धा भरवली. चारशेहून अधिक पैलवान उतरले होते. एकेक जण गळत गेला आणि शेवटच्या पंधरांत हा दहा वर्षांचा पोरगा उरला. महाराजांनी त्यालाच विजयी ठरवले. पुढे दतियाच्या महाराजांनी त्याला आपल्या आश्रयाखाली घेतले. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोठमोठे मल्ल समोर असताना राजाने बक्षीस दिले ते एका अनोळखी मुलाला. गामाच्या आयुष्याची सुरुवातच अशी, नव्या माणसाकडे पाहणाऱ्या एका नजरेने झाली.

दुसरी नजर होती रहीम बक्ष सुलतानीवाला याची. गुजरानवालाचा हा पैलवान त्या वेळी हिंदुस्थानातला सर्वांत मोठा मल्ल. उंची सात फुटांच्या आसपास, दरारा त्याहून मोठा. गामा जेमतेम पाच फूट सात इंच. १८९५ च्या सुमारास सतरा वर्षांच्या गामाने रहीमला आव्हान दिले. वयाने आणि कीर्तीने रहीम कितीतरी पुढे होता, आणि कारकीर्दीच्या उताराकडे लागला होता. या पोराशी लढून त्याला मिळण्यासारखे काही नव्हते. जिंकला तर लहान पोराला मारले म्हणून नाव नाही, हरला तर अब्रू गेली. हा माझ्या जोडीचा नाही, एवढे म्हटले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. पण रहीम मातीत उतरला. कुस्ती तासन् तास चालली. गामाच्या नाकाकानांतून रक्त आले, पण पाठ लागली नाही. कुस्ती बरोबरीत सुटली आणि त्या दिवसापासून गामाचे नाव हिंदुस्थानभर झाले.

आपण त्या दिवशीच्या गामाचे कौतुक करतो. मला कौतुक वाटते ते रहीमचे. ज्या म्हाताऱ्या होत चाललेल्या मल्लाने आपले नाव पणाला लावून तरुणाला जोड दिली, त्याच्यामुळे गामा झाला. या दोघांत पुढेही कुस्त्या झाल्या, त्याही बरोबरीत सुटल्या.

१९१० पर्यंत रहीम सोडला तर हिंदुस्थानात गामाने बहुतेक नामवंतांना अस्मान दाखवले होते. त्या वर्षी कलकत्त्याच्या शरतकुमार मित्र यांच्या खर्चाने आणि बेंजामिन नावाच्या इंग्रज ठेकेदाराच्या खटपटीने गामा, त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष आणि आणखी दोन मल्ल लंडनला गेले. तिथे त्या वेळी कुस्तीचा धंदा जोरात होता. नाटकगृहांत तिकिटे लावून कुस्त्या होत. पण गामाला स्पर्धेत घेतलेच नाही. उंची कमी, नाव अनोळखी. प्रेक्षक ज्याच्यासाठी तिकीट काढतील असा हा माणूस नव्हे, असे त्या धंदेवाल्यांचे गणित होते. मग गामाने जाहीर आव्हान दिले. कोणत्याही वजनाचे कोणतेही तीन मल्ल आणा, तिघांनाही अर्ध्या तासात चीत करतो. लोकांना ही थाप वाटली आणि बरेच दिवस कोणी पुढे आलेच नाही.

अखेर अमेरिकेचा डॉक्टर बेंजामिन रोलर तयार झाला. ऑगस्ट १९१० मध्ये गामाने त्याला पहिल्यांदा दोन मिनिटांच्या आत आणि दुसऱ्यांदा दहा मिनिटांच्या आत खाली घातले. मग मात्र लंडनचे डोळे उघडले. १० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडचा जगप्रसिद्ध मल्ल स्टॅनिस्लॉस झिबिस्को याच्याशी त्याची कुस्ती ठरली. इनाम अडीचशे पौंड आणि जॉन बुल नावाचा पट्टा. कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली, पण ती कुस्ती म्हणावी अशी झालीच नाही. सुरुवातीलाच गामाने त्याला खाली घेतले आणि पुढचा सगळा वेळ झिबिस्को जमिनीला चिकटून पडून राहिला. निकाल लागेना. आठवड्याने पुन्हा लढायचे ठरले. त्या दिवशी गामा आला, झिबिस्को आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला.

दार बंद होते, ते गामाने खांद्याने ढकलून उघडले. लंडनमधले ते दिवस मला त्याच्या आयुष्यातले सर्वांत मोलाचे वाटतात. कारण पुढे हाच माणूस स्वतः दार होऊन बसणार होता.

हिंदुस्थानात परतल्यावर अलाहाबादला पुन्हा रहीम सुलतानीवाला समोर आला. रहीमचे वय झाले होते, पण त्याने याही वेळी माघार घेतली नाही. दीर्घ झुंजीनंतर गामा जिंकला आणि रुस्तुम-ए-हिंद झाला. मागे एकदा कोणीतरी गामाला विचारले की तुझा सर्वांत कठीण प्रतिस्पर्धी कोण, तर त्याने रहीमचेच नाव घेतले, असे सांगतात. ते खरेच असले पाहिजे. जुन्या नावाने नव्या नावाला मातीत, सगळ्यांच्या देखत, गादी दिली. कुस्तीत वारसा असाच जावा लागतो. मृत्युपत्राने तो देता येत नाही.

तोच काळ आपल्या महाराष्ट्रातही कुस्तीच्या भरभराटीचा होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी रोमला जुने रंगमंडळ पाहिले आणि तशा धर्तीवर खासबागचे मैदान बांधून घेतले. १९१२ साली ते खुले झाले तेव्हा गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती तिथे झाली. कोल्हापुरात पंजाबी मल्ल येत, इथल्या पोरांशी लढत, इथल्या तालमींत मेहनत करत. महाराजांनी पैसा खर्च केला तो एका पैलवानावर नाही. पेठापेठांत, गावोगावी तालमी उभ्या राहिल्या. १९२२ साली महाराज गेले, पण कोल्हापूरची कुस्ती थांबली नाही. राजा गेल्यावरही टिकेल अशी व्यवस्था मागे राहिली होती.

गामाच्या वाट्याला आला पतियाळाचा दरबार. महाराजा भूपिंदरसिंग क्रिकेटचे शौकीन, तसे कुस्तीचेही. त्यांनी १९२८ च्या जानेवारीत पुन्हा एकदा गामा आणि झिबिस्को यांची कुस्ती लावली. खास मैदान उभारले. चाळीस हजारांच्या आसपास लोक जमले, राजेरजवाडे आले. गामा पन्नाशीला टेकलेला, झिबिस्कोही त्याच वयाचा. अठरा वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेली कुस्ती आता पूर्ण होणार होती. ती एक मिनिटही चालली नाही. गामाने झिबिस्कोला चीत केले आणि मैदान डोक्यावर घेतले गेले. गामा रुस्तुम-ए-जमां झाला, जगज्जेता.

झिबिस्को इतक्या लांबून, त्या वयात कशासाठी आला, हे समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेत कुस्तीचा तोवर निव्वळ धंदा झाला होता. निकाल आधी ठरू लागले होते. १९२१ साली चाळिशी ओलांडलेल्या झिबिस्कोला तिथे जगज्जेता केले, कारण त्याचे नाव खपत होते. मग ठेकेदारांना वाटले की आता नवा चेहरा हवा. त्यांनी वेन मन नावाचा साडेसहा फुटी फुटबॉलपटू उचलला आणि १९२५ च्या जानेवारीत त्याला विजेता बनवले. त्याला कुस्ती फारशी येतच नव्हती. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात म्हाताऱ्या झिबिस्कोने त्याच्यापुढे हरायचे, असे ठरले होते. झिबिस्को ऐनवेळी खरी कुस्ती लढला आणि त्याने त्या नव्या विजेत्याला पुन्हा पुन्हा खाली आपटले. ठेकेदारांची पंचाईत झाली. एवढा मोठा देश, एवढा पैसा, आणि जुन्या माणसाला खरोखर चीत करील असा तरुण त्यांनी घडवलाच नव्हता. नवा चेहरा त्यांनी आणला, पण नवा मल्ल आणला नाही.

म्हणून जुने विरुद्ध नवे हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. वय कमी आहे एवढ्यावर कोणी पुढे केला जाऊ नये. पण ज्याच्या अंगात खरे कसब आहे, त्याला मोठ्या जोडीची कुस्ती मिळायलाच हवी. ती मिळाली नाही तर तो घडत नाही, आणि तो घडला नाही की पुन्हा म्हाताऱ्यालाच बोलवावे लागते. हा फेरा एकदा सुरू झाला की सहसा थांबत नाही.

पतियाळाच्या त्या कुस्तीनंतर गामाच्या बाबतीत हेच झाले. १९२९ साली जेसी पीटरसन नावाचा एक परदेशी मल्ल आला आणि काही क्षणांत हरून गेला. त्यानंतर गामाची म्हणावी अशी कुस्तीच झाली नाही. जगज्जेतेपद मात्र त्याच्याकडेच राहिले. ज्याला गामाशी लढायचे असेल त्याने आधी इमामबक्षला हरवावे, असा दंडक होता. इमामबक्ष स्वतः फार मोठा मल्ल, अनेकांच्या मते गामाच्याच तोडीचा. त्याला ओलांडून जाणारा कोणी निघाला नाही. गामा मेहनत करी, जोर-बैठका काढी, आव्हानाची वाट पाही. वर्षे जात राहिली. तो पंचावन्नचा झाला, साठीचा झाला. अधिकृतपणे तो निवृत्त झाला १९५२ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. कारण काय, तर जोड मिळेना.

जोड का मिळेना, याची कारणे गामाच्या दंडात शोधून चालणार नाही. ती त्या काळच्या व्यवहारात होती. संस्थानिकाला आपल्या पदरचा मल्ल अजिंक्य राहिलेला हवा असे. तो हरला तर गादीची शोभा जाई. ठेकेदाराला गामाचे नाव भिंतीवर लावले की मैदान भरल्याची खात्री असे, मग तो नुसता पाहुणा म्हणून आला तरी चाले. लोकांनाही गामा हरलेला पाहायचा नव्हता. देश पारतंत्र्यात होता. साहेबाच्या घरी जाऊन साहेबाच्या मल्लांना लोळवणारा हा आपला माणूस होता. त्याचे अजिंक्य असणे ही कोट्यवधी लोकांची गरज होती. अशा माणसाला कोणी तरुण पैलवान मातीत ओढील तर त्याला शाबासकीऐवजी शिव्याच मिळाल्या असत्या. म्हणजे गामाला दार करून बसवण्यात गामाचा हात सर्वांत कमी होता. राजा, ठेकेदार आणि आपण प्रेक्षक, तिघांनी मिळून ते काम केले.

आणि मग ज्यांच्या जोरावर हे चालले होते ते राजेच गेले. १९४७ साली फाळणी झाली. अमृतसर-पतियाळाचा गामा लाहोरला राहू लागला. त्या दंगलीच्या दिवसांत आपल्या मोहल्ल्यातल्या हिंदू शेजाऱ्यांच्या दारात तो स्वतः उभा राहिला आणि जमावाला परत लावले, ही हकीगत दोन्हीकडच्या लोकांनी सांगितली आहे. त्याच्या साऱ्या कुस्त्यांपेक्षा ही एक कुस्ती मोठी मानावी लागेल. इथे त्याला कोणी ठेकेदार नव्हता, इनाम नव्हते, आणि वय जवळजवळ सत्तर होते.

पण दरबार संपल्यावर पोटाचा प्रश्न उभा राहिला. आयुष्यभर ज्याने खुराकाखेरीज कशाचा हिशेब ठेवला नाही, त्याला औषधपाण्यासाठी हात आखडता घ्यावा लागला. पाकिस्तान सरकारने थोडीफार जमीन आणि मदत दिली. इकडून उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी पैसे पाठवले आणि महिन्याची रक्कम लावून दिली. सीमेच्या अलीकडच्या एका मारवाडी शेठजीने पलीकडच्या मुसलमान पैलवानाची आठवण ठेवावी, यात गामाच्या नावाची थोरवी आहेच. पण त्यात एका खेळाची गरिबीही आहे. ज्याच्या नावावर पन्नास वर्षे मैदाने भरली, त्याच्या म्हातारपणासाठी त्या मैदानांतून एक पैसाही बाजूला पडला नव्हता. २३ मे १९६० रोजी, ब्याऐंशी वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, गामा लाहोरला वारला.

गामाची सावली त्याच्यानंतरही राहिली. इमामबक्षचे मुलगे, भोलू, अस्लम, अक्रम वगैरे भाऊ पाकिस्तानातली कुस्ती चालवत होते. घराण्याचे नाव मोठे, त्यामुळे मोठ्या कुस्त्या घराण्यातच राहिल्या. १९७६ च्या डिसेंबरात जपानचा अंतोनियो इनोकी कराचीला आला. तो तेहतीस वर्षांचा, ऐन भरातला. त्याच्यासमोर गामाच्या घराण्यातून उभा केला गेला तो अक्रम, वय शेहेचाळीस. इनोकीने त्याचा हात असा काही पिळला की तो निकामी झाला. हजारो लोक सुन्न होऊन पाहत राहिले. देशाची इभ्रत एका शेहेचाळीस वर्षांच्या खांद्यावर का टाकली, असे तेव्हा कोणाच्या मनात आले असेल की नाही, कोण जाणे.

पण अडीच वर्षांनी, १९७९ च्या जूनमध्ये, इनोकी पुन्हा आला तेव्हा घराण्याने अस्लमच्या मुलाला, झारा पैलवानाला पुढे केले. तो अठरा वर्षांचा होता. लाहोरच्या मैदानात तो इनोकीशी शेवटपर्यंत लढला, पाठ लागू दिली नाही, आणि कुस्ती संपल्यावर इनोकीने स्वतः त्या पोराचा हात धरून वर केला. सतरा वर्षांचा गामा आणि रहीम सुलतानीवाला यांची आठवण यावी असाच तो क्षण. झारा पुढे १९९१ साली, एकतिसावे वर्ष पुरे होण्याआधीच गेला. एकट्या पोरावर सगळा भार टाकला की काय होते, तेही त्या घराण्याने पाहिले.

हे सारे पलीकडचे आहे असे समजू नये. आपल्या मुंबईत २९ मे १९६८ रोजी दारासिंग जगज्जेता झाला, तेव्हा त्याने हरवलेला अमेरिकन मल्ल लू थेझ बावन्न वर्षांचा होता आणि त्याचे खरे जगज्जेतेपद १९६६ सालीच गेले होते. दारासिंग त्या वेळी चाळिशीच्या उंबरठ्यावर. त्यानंतरही फ्रीस्टाइल कुस्तीचे ठेकेदार पंधरा वर्षे त्याच्याच नावावर तिकिटे विकत राहिले. १९८३ साली पंचावन्नाव्या वर्षात तो थांबला आणि त्याच्याबरोबर इथली ती कुस्तीही जवळजवळ थांबली. पुढे दूरदर्शनच्या रामायणात तोच हनुमान झाला म्हणून आपल्या घराघरांत राहिला. नव्वदच्या दशकात आपली मुले पत्त्यांच्या खेळात ज्या अमेरिकन मल्लांची चित्रे गोळा करीत, त्यांतला अंडरटेकर २०२० सालापर्यंत, पंचावन्न वर्षांचा होईतो लढत होता. त्या खेळात निकाल ठरलेला असतो हे सर्वांना ठाऊक आहे. तिथेही नवा माणूस लोकांच्या मनात भरायला वर्षे लागतात आणि जुना माणूस एका रात्रीत मैदान भरतो, म्हणून जुन्यालाच पुन्हा पुन्हा बोलावले जाते.

आता आमच्याकडे वळतो. मराठवाड्यात कुस्तीला राजाश्रय फारसा लाभला नाही. निजामी काळात आर्य समाजाच्या व्यायामशाळांनी आणि गावच्या तालमींनी ती जगवली. यात्रेतल्या फडाचा क्रम मात्र सगळीकडे सारखा. दुपारी हलगी वाजू लागते आणि आधी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवर, नारळावर. मग इनाम चढत जाते आणि सूर्य मावळताना शेवटची मोठी कुस्ती होते. या क्रमात मोठे शहाणपण आहे. आज नारळावर लढणारा दहा वर्षांनी शेवटच्या कुस्तीत दिसावा, अशी ती शिडी आहे. अलीकडे काही ठिकाणी या शिडीच्या मधल्या पायऱ्याच निघाल्यासारख्या झाल्या आहेत. वर्गणीतला मोठा हिस्सा एखाद्या नामवंत पण उतरत्या वयाच्या मल्लाच्या बिदागीत जातो. तो येतो, फेटा बांधून घेतो, पाच मिनिटे खडाखडी करतो आणि कुस्ती बरोबरीत सुटते. इकडे विशीतल्या पोराला मिळते ते शे-दोनशे रुपयांचे इनाम. दूध, तूप, बदाम, मटण यांचा खुराक कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराला किती जड जातो, ते दुष्काळी वर्षात आमच्या भागात येऊन पाहावे. दोन हंगाम मनासारखी जोड मिळाली नाही की पोरगा लांग खुंटीला अडकवतो आणि पुण्या-मुंबईची गाडी पकडतो.

तरी निराश व्हावे असे नाही, कारण दुसरा रस्ताही आमच्याच जिल्ह्याने दाखवला आहे. महाराष्ट्रात १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू झाली. हा किताब एकदा मिळाला की जन्मभर मिरवता येतो, पण गदा पुढच्या वेळी पुन्हा मातीत जिंकावी लागते. १९६९ साली ही स्पर्धा लातूरला झाली आणि ती जिंकली निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदार यांनी. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक आणले. १९७७ साली बेळगावात दिल्लीच्या सतपालला हरवून त्यांनी महाराष्ट्र नाचवला. त्या एका विजयावर त्यांना आणखी वीस वर्षे यात्रा करता आल्या असत्या. त्यांनी पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पोरे घडवायला घेतली. त्यांच्या हाताखाली लातूर जिल्ह्यातलेच काका पवार तयार झाले, अर्जुन पुरस्कारापर्यंत पोचले आणि मग स्वतः वस्ताद झाले. या दोघांच्या तालमीत बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे घडला. त्याने २०१८ साली राष्ट्रकुलात सुवर्ण आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. बिराजदार २०११ साली गेले. त्यांच्या नावामागे अजिंक्य असा शब्द कोणी लावत नाही. पण त्यांच्या माघारी दोन पिढ्या मातीत आणि मॅटवर उभ्या राहिल्या.

गामा थोर होता, यात शंका नाही. लंडनच्या नाटकगृहात दोन मिनिटांत रोलरला लोळवणारा आणि लाहोरच्या गल्लीत जमावाला अडवणारा असा माणूस पुन्हा होणे कठीण. त्याच्याकडे ताकद होती, हिंमत होती, माणुसकी होती. त्याला मिळाला नाही तो फक्त दुसरा एक गामा, सतरा वर्षांचा, त्याच्या समोर उभा केलेला. रहीम सुलतानीवालाने जे गामाला दिले, ते गामाकडून पुढे कोणाला देववले गेले नाही. हा दोष त्याच्या माथी मारू नये. पण अजिंक्य हा शब्द तोंडातून काढताना तो आठवावा.

यात्रेला गेलात तर एक गोष्ट पाहा. शेवटच्या कुस्तीसाठी संध्याकाळी सगळा गाव लोटतो. जुने वस्ताद मात्र भर उन्हात तीन वाजताच डोक्यावर टॉवेल टाकून कडेला येऊन बसलेले असतात. त्या वेळी नारळावरच्या कुस्त्या चालू असतात.